चौथ्या खिडकीतला अंधार

१

बुधवारी संध्याकाळी सात वाजून बावीस मिनिटांनी टेलिफोन एक्स्चेंजच्या जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या चौथ्या खिडकीत, एक बाई उभी असलेली अठरा जणांनी पाहिली. सलग तिसऱ्या दिवशी. खिडकीमागची खोली रिकामी होती आणि इमारतीला कुलूप होतं.

ती तालीम होती. शिलाई यंत्रं बनवणारी एक कंपनी शुक्रवारी आपलं नवं यंत्र लोकांसमोर आणणार होती. त्यासाठी चौकातले तीन प्रोजेक्टर इमारतीच्या दर्शनी भिंतीवर चित्र टाकत. भिंतीचं कापड होई, विटांच्या रांगांवर टाके पडत. मग चौथी खिडकी पांढऱ्या उजेडानं भरे, तिच्यातून एक दोरा बाहेर येई, आणि भिंत संपली की तोच दोरा दोनशे चाळीस ड्रोन आभाळात पुढे नेत. भिंतीवरचा दोरा कुठे संपला आणि आभाळातला कुठे सुरू झाला, हे बघणाऱ्याला कळता कामा नये. सगळं कसब तेवढ्यात होतं.

सोमवारी पहिल्यांदा खिडकी पांढरी झाली आणि त्या पांढऱ्यात माणसाच्या आकाराचा अंधार तसाच उरला. डोकं, खांदे, कोपर बाहेर काढून डोक्याशी नेलेला एक हात.

ड्रोन चालवणारीला सगळे धाकटी म्हणत, कारण कार्यक्रम करणाऱ्या कंपनीत आधी तिची थोरली बहीण होती. थोरली इमारतींची मोजमापं घ्यायची. आठ महिन्यांपूर्वी हीच इमारत मोजायला ती आली आणि मागच्या बाजूच्या सज्जातून पडून गेली. चौकशीत निघालं की इमारतीत ती एकटीच होती. शेवटच्या ओळीत ‘स्वतःच्या निष्काळजीपणामुळे’ असे शब्द होते. कार्यक्रम तेव्हा पुढे ढकलला होता, तोच आता होत होता.

दोरा खिडकीतून आभाळात जाण्याच्या क्षणी धाकटीला एक कळ दाबावी लागे. दहा सेकंदांत दाबली नाही, तर ड्रोन आपोआप माघारी फिरत. सोमवारी आणि मंगळवारी तिनं ती दाबली. बुधवारी दाबली नाही. माघारी फिरताना चार ड्रोन एकमेकांवर आदळून फुटले आणि एका उभ्या गाडीच्या टपावर पडले.

गुरुवारी सकाळी कार्यक्रमाच्या संचालकांनी, म्हणजे साहेबांनी, तिच्यापुढे टाइप केलेला कागद ठेवला. मेलेल्या बहिणीची आकृती मीच चित्रात घुसवली आणि तालीम मुद्दाम बिघडवली, असा कबुलीजबाब.

‘‘पाच वाजेपर्यंत सही कर,’’ साहेब म्हणाले. ‘‘केलीस तर गुपचूप घरी जाशील. नाही केलीस तर हे हवाई खात्याकडे जाईल. मग परवाना विसर. पतंगसुद्धा उडवू देणार नाहीत.’’

साडेनऊला विमा कंपनीकडून एक बाई आल्या. वय पन्नाशीच्या पुढे, हातात साधी वही. त्यांच्या कचेरीत त्यांना चाळणी म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं.

२

‘‘आकृती तुम्ही घातलीत?’’ चाळणीबाईंनी विचारलं.

ड्रोनच्या पेट्या ठेवलेल्या खोलीत दोघी बसल्या होत्या. भिंतीलगत बॅटऱ्या चार्ज होत होत्या, त्यांचे हिरवे ठिपके एकेक करून लागत होते.

‘‘नाही.’’

‘‘दोऱ्यासाठी चौथी खिडकी कुणी निवडली?’’

‘‘मीच. पहिल्या तीन खिडक्यांसमोर झाड आहे, पाचवीसमोर तारा. ड्रोनना मोकळी वाट फक्त चौथीसमोर आहे.’’

‘‘ती आकृती कुणाची आहे?’’

‘‘ताईची. कामात असली की ती अंबाड्यात पेन्सिल खोचायची. असंच कोपर बाहेर काढून. घरभर पेन्सिली शोधायची आणि सापडायची डोक्यात.’’ ती हसली.

‘‘बुधवारी कळ का दाबली नाहीत? घाबरलात?’’

‘‘घाबरले असं लिहिलंत तर बरं होईल ना माझ्यासाठी?’’

‘‘बरं होईल. पण खरं आहे का?’’

‘‘नाही.’’ धाकटीनं मान वर केली. ‘‘कळ दाबली की दोरा पुढे जातो आणि खिडकी काळी होते. नाही दाबली तर दहा सेकंद तशीच पांढरी राहते. ती दहा सेकंद जास्त दिसली.’’

चाळणीबाईंची पेन्सिल थांबली. इतकं स्वतःच्या विरुद्ध जाणारं उत्तर त्यांना बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

‘‘तुमच्या बहिणीचा फोन कुणाकडे आहे?’’

धाकटीनं तो पिशवीतून काढला. चार्ज केलेला होता. आठ महिने ती तो रोज चार्ज करत असावी. त्या दिवसाचा शेवटचा फोन तीन वाजून एकेचाळीस मिनिटांनी आलेला, अठ्ठेचाळीस सेकंदांचा. नाव साहेबांचं.

‘‘ते चौकशीत आलंय,’’ धाकटी म्हणाली. ‘‘साहेबांनी स्वतःहूनच सांगितलं होतं. ते हायवेवर होते, दोन तास लांब. काम कुठवर आलं विचारायला फोन केला होता म्हणे.’’

‘‘सही करणार आहात?’’

‘‘केली तर ताईचं नाव मी कामाशी खेळायला वापरलं असं होईल. नाही केली तर पुन्हा कधी उडवणार नाही. तुम्हीच सांगा, काय करू?’’

चाळणीबाई उठल्या. ‘‘पाच वाजेपर्यंत काही करू नका.’’

दाराबाहेर येऊन त्यांनी वहीत एकच शब्द लिहिला. ‘जाणूनबुजून’. आणि त्याखाली रेघ ओढली. विमा नाकारायला तेवढा शब्द पुरे होता.

३

भिंतीवरच्या चित्रांचं काम करणाऱ्याला सगळे कात्री म्हणत. प्रोजेक्टरचा उजेड जिथे पडायला नको ती जागा काळी करायची, म्हणजे मास्क कापायचा, हे त्याचं काम. टेबलावर तीन मॉनिटर होते आणि चहाचे पाच कप, त्यातला एक कालचा.

‘‘मॅडम, आधीच सांगतो, मी भूतबित काही घातलेलं नाही,’’ तो म्हणाला. ‘‘माझी मजल कंपनीचा लोगो वाकडा लावण्यापर्यंत.’’

‘‘मास्क कसा बनतो ते सांगा.’’

‘‘आधी लेझरनं सगळी इमारत मोजतात. यंत्र चौकात उभं करायचं, ते फिरतं आणि कोट्यवधी ठिपके टिपतं. प्रत्येक ठिपका किती लांब आहे ते त्याला कळतं. त्यावरून संगणक ठरवतो की भिंत कुठली आणि भिंतीपुढे आलेलं काय. दिव्याचा खांब, तार, फांदी, कबुतर. मग तो एकेक दाखवून विचारतो, ही भिंत नाही, काळं करू का?’’

‘‘आणि तुम्ही?’’

‘‘हो म्हणायचं.’’

‘‘या इमारतीत किती वेळा विचारलं?’’

कात्रीनं यादी उघडली. ‘‘दोनशे बारा.’’

‘‘दोनशे बाराही बघितलेत?’’

तो मान खाजवत राहिला. ‘‘खाली एक बटण असतं. ‘सगळ्यांना हो’. कबुतरं बघत बसलो तर जन्म जायचा. कुणीच बघत नाही हो, धंद्यात एकाला विचारा.’’

‘‘चौथ्या खिडकीतलं दाखवा.’’

यादीत त्याचा क्रमांक एकशे सत्तेचाळीस होता. शेरा, ‘अडथळा’. कात्रीनं ते मोठं केलं. खिडकीतून बाहेर झुकलेली, डोक्याशी हात नेलेली, राखाडी ठिपक्यांची आकृती. चेहऱ्याच्या जागी नुसता ठिपक्यांचा पुंजका.

कात्रीचा हात माउसवरून सरकला.

‘‘म्हणजे हे कुणी घुसवलेलंच नाही,’’ तो हळू आवाजात म्हणाला. ‘‘स्कॅनमध्येच आहे. खिडकीत खरंच कुणीतरी उभं होतं, यंत्रानं ते टिपलं आणि मी न बघता कापलं. एरवी चित्रात ती खिडकी काळीच असते, म्हणून आत्तापर्यंत दिसलं नाही. पांढरी झाली आणि...’’

‘‘स्कॅन कधीचा?’’

‘‘आठ महिन्यांपूर्वीचा. तिचाच. यंत्र सुरू करून ती वर गेली आणि मग...’’ तो पाणी प्यायला. ‘‘तिच्या शेवटच्या अर्ध्या तासातला असेल हा. आणि मी त्याला ‘हो’ म्हणून पुढे गेलो.’’

‘‘यंत्र कुणी परत आणलं?’’

‘‘मीच आणलं. चौकात स्टँडवर तसंच उभं होतं. काम पूर्ण करून बंद झालेलं.’’

चाळणीबाई निघाल्या, दाराशी वळल्या. ‘‘तुम्ही त्या दिवशी कुठे होतात हे मी विचारलं नाही.’’

‘‘विचारा की.’’

‘‘गरज नाही. आठ महिने हा स्कॅन तुमच्याकडे आहे. खिडकीत तुम्ही असतात, तर ही आकृती कबुतर म्हणून कधीच पुसली असतीत.’’

कात्रीला ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्या जिन्यात होत्या आणि तो मागून ओरडला, ‘‘मॅडम! मी असतो तर, म्हणजे? ती ताई नाही?’’

४

इमारतीच्या राखणदाराला चावीकाका म्हणत. फाटकाजवळच्या त्याच्या खोलीत एक खुर्ची, तारेचा एक फोन आणि भिंतीवर चाव्यांची फळी. मोबाइल त्याच्याकडे नव्हता. ‘‘खिशात कुत्रं भुंकल्यासारखं होतं, मला नको,’’ असं तो म्हणे.

‘‘चावी एकच आहे बाई. दोन वाजून पाच मिनिटांनी तिला दिली. ही तिची सही.’’

‘‘वेळ कशावरून लिहिता?’’

त्यानं खिडकीतून चौकापलीकडे बोट दाखवलं. एक्स्चेंजच्या अगदी समोर, पोस्टाच्या कपाळावर पांढऱ्या तबकडीचं मोठं घड्याळ होतं. ‘‘एक मिनिट इकडचं तिकडे होत नाही ते. दर सोमवारी माणूस येऊन मिळवतो. मी माझं हातातलं कधीच काढून ठेवलंय.’’

‘‘त्या दुपारी तुम्ही तिला बघत होतात?’’

‘‘समोरच तर होती. चौकात यंत्र लावलं, त्याच्या पायाशी उकिडवी बसली. फोन आला तिला. बोलता बोलता वर बघत होती.’’

‘‘आभाळाकडे?’’

‘‘वर. मला वाटलं, पाऊसबिऊस येतोय का बघतेय. मग उठली आणि आत गेली. यंत्र फिरतच होतं. मी म्हटलं येईल. पाच वाजून गेले तरी येईना, यंत्र आपलं एकटं उभं. तेव्हा मागच्या अंगणात गेलो. पाच वाजून दहा मिनिटं.’’

‘‘तुम्ही स्वतः वर गेला होतात?’’

‘‘हे गुडघे बघा. तिसरा मजला मी चार वर्षांत पाहिलेला नाही.’’

चाळणीबाई फळीकडे बघत होत्या. प्रत्येक कुलपाच्या नावापुढे दोन खिळे होते आणि दोन चाव्या. एक्स्चेंजपुढे दोन खिळे आणि एकच चावी.

‘‘दुसरी?’’

‘‘हरवली.’’

‘‘कधी?’’

‘‘जुनी गोष्ट झाली.’’

‘‘खिळ्याखाली भिंतीवर चावीचा ठसा आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बाकी भिंत काळवंडली, तेवढी चावीएवढी जागा पांढरी राहिली. खूप जुनी गोष्ट असती तर तीही काळवंडली असती. गेल्या वर्षभरातली असावी.’’

चावीकाकानं खुर्चीचा हात घट्ट धरला. नोकरी जायची भीती माणसाच्या चेहऱ्यावर कशी दिसते हे चाळणीबाईंनी पुष्कळदा पाहिलं होतं. त्यांनी घाई केली नाही.

‘‘बाई,’’ शेवटी तो म्हणाला, ‘‘तीन दिवस मी त्या खिडकीकडे बघितलेलं नाही. ती मला विचारायला उभी राहते.’’

‘‘काय विचारायला?’’

‘‘चावी कुणाला दिलीस म्हणून.’’

आणि त्यानं सांगितलं.

५

साहेबांचं टेबल चौकात प्रोजेक्टरच्या तिसऱ्या तंबूत होतं. खुर्ची अशी ठेवलेली की एक्स्चेंजची इमारत पाठीशी यावी. आदल्या दिवशीच्या तालमीच्या फोटोंतही ते पाठ करूनच उभे होते.

‘‘मी भूत मानत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘लोक मानतात. उद्या दहा हजार माणसं इथे येणार, आणि त्यांना नवं यंत्र दिसायला हवं की मेलेली बाई? ती फाइल पुसून टाका म्हटलं त्या कात्रीला, तर म्हणतो विमावाल्या मॅडमना विचारा.’’

‘‘मीच थांबवलंय. उद्या संध्याकाळपर्यंत काहीही पुसायचं नाही.’’

‘‘कशासाठी? पोरीनं केलंय हे उघड आहे. दुःखात आहे, मला समजतं. मीच तिला कामावर ठेवलं, बहीण गेल्यावर. पण काम ते काम.’’

‘‘बहिणीशी शेवटचं तुम्हीच बोललात.’’

‘‘हो. हायवेवरून. जेवलीस का, काम कुठवर आलं, एवढंच.’’

‘‘एवढ्याला अठ्ठेचाळीस सेकंद लागले?’’

‘‘रेंज नव्हती. हॅलो हॅलोमध्येच गेले निम्मे.’’

‘‘या इमारतीत तुम्ही कधी गेलात?’’

‘‘कधीच नाही. तेव्हाही नाही, आत्ताही नाही. माझं काम बाहेरून.’’

चाळणीबाईंनी मान हलवली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘‘ते मोजमापाचं यंत्र कसं चालतं हो? मला काही कळलं नाही.’’

साहेब सैलावले. असलं समजावून सांगायला त्यांना आवडत असे. ‘‘कॅमेराच समजा. हळूहळू फिरतो. ज्या बाजूला तोंड, त्या बाजूचं टिपतो. पाठ वळली की त्याच्यासाठी तुम्ही नाहीच.’’

‘‘अच्छा,’’ चाळणीबाई म्हणाल्या. ‘‘पाठ वळली की नाहीच.’’

घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. त्या थेट कात्रीकडे गेल्या.

‘‘मास्क नको, यादी नको,’’ त्या म्हणाल्या. ‘‘यंत्रानं त्या दिवशी टिपलेलं सगळं उघडा. इमारतीच्या उलट्या बाजूचंसुद्धा.’’

‘‘उलट्या बाजूला काय आहे? तिकडे तर नुसतं पोस्ट आहे.’’

६

पाचला पाच मिनिटं कमी असताना कात्रीच्या खोलीत सगळे जमले. कबुलीजबाबाचा कागद आणि पेन साहेबांनीच आणलं होतं. धाकटी भिंतीला टेकून उभी होती. चावीकाकाला एकमेव चांगली खुर्ची मिळाली होती आणि तिच्यावर बसायचा त्याला धीर होत नव्हता.

‘‘आकृती कुणी घातलेली नाही,’’ चाळणीबाई म्हणाल्या. ‘‘ती आठ महिन्यांपूर्वीच्या स्कॅनमध्ये आहे. एवढ्यावर हा कागद फाडता येतो.’’

‘‘बरं, मग तीच आहे ना?’’ साहेब म्हणाले. ‘‘वर गेली होती, खिडकीत उभी राहिली, टिपली गेली. वाईट वाटतं. पण मी चुकलो असेन तर पोरीची माफी मागतो, विषय संपला.’’

‘‘खिडकीत ती नाही.’’

धाकटी भिंतीपासून सुटी झाली.

‘‘फोन तीन एकेचाळीसला आला,’’ चाळणीबाई सांगू लागल्या. ‘‘तेव्हा ती चौकात यंत्राच्या पायाशी बसली होती. चावीकाकांनी पाहिलं. फोन संपल्यावर ती आत गेली. म्हणजे खिडकीतलं माणूस एकेचाळीसच्या आधीचं किंवा त्याच मिनिटाचं निघालं, तर ती दुसरी व्यक्ती. नंतरचं निघालं, तर ती स्वतः. सगळा प्रश्न मिनिटाचा आहे.’’

‘‘यंत्रात वेळ नोंदलेली असते,’’ कात्री म्हणाला.

‘‘यंत्राचं घड्याळ चुकीचं लावलं होतं असं कुणीही म्हणेल. मी तरी म्हणेन. म्हणून मला दुसरं घड्याळ हवं होतं.’’ त्यांनी कात्रीकडे पाहिलं. ‘‘साहेबांना यंत्राचं सांगा.’’

कात्रीनं घसा साफ केला. ‘‘साहेब, ते कॅमेऱ्यासारखं नाही. आतला आरसा उभा गरगर फिरतो. पुढून वर, डोक्यावरून मागे, मागून खाली. म्हणजे एकाच वेळी पुढेही बघतं आणि पाठीमागेही. त्याला पाठ नाहीच.’’

साहेबांनी कागद आणि पेन टेबलावर ठेवलं.

‘‘चौथी खिडकी, यंत्र आणि पोस्टाचं घड्याळ एका रेषेत आहेत,’’ चाळणीबाई म्हणाल्या. ‘‘पुढे खिडकी टिपली गेली त्याच क्षणी मागे घड्याळ टिपलं गेलं. दाखवा.’’

मॉनिटरवर डावीकडे खिडकीतली आकृती होती. उजवीकडे ठिपक्यांची फिकट तबकडी आणि तिच्यावर दोन काळे काटे. लहान काटा तीन आणि चारच्या मधे, चारकडे झुकलेला. मोठा काटा आठाच्या किंचित पुढे.

कुणीतरी मोठ्यानं श्वास घेतला. चावीकाका असावा.

‘‘तीन एकेचाळीस,’’ चाळणीबाई म्हणाल्या. ‘‘खाली ती फोनवर बोलतेय आणि वर बघतेय. वर खिडकीत एक माणूस बाहेर झुकलाय, कोपर बाहेर, हात कानाशी. तीन दिवस सगळ्यांना त्यात अंबाडा दिसला, कारण सगळ्यांना तीच बघायची होती. तो हात फोन धरलेला आहे. आणि त्या मिनिटाला तिच्याशी फोनवर कोण बोलत होतं हे शोधायला नको. त्यांनी स्वतःहूनच सांगितलंय.’’

‘‘जोडचावी मी यांना दिली होती,’’ चावीकाका एकदम म्हणाला. ‘‘आदल्या दिवशी. कुणाला सांगू नका म्हणाले. मागच्या दारानं जाऊन येतो, पाच मिनिटांचं काम आहे म्हणाले. ती गेल्यावर मला म्हणाले, चावी तू दिलीस, मग जबाबदार कोण? मी गप्प बसलो. पोरी, मी गप्प बसलो.’’

साहेबांनी टेबलावरचं पेन उचललं आणि परत ठेवलं. मग आठ महिन्यांत पहिल्यांदाच ते त्या खिडकीकडे, मॉनिटरवर का होईना, तोंड करून उभे राहिले.

७

‘‘मी ढकललं नाही,’’ साहेब म्हणाले.

कुणी काही विचारलं नव्हतं.

‘‘तिच्याशी एकटीशी बोलायचं होतं. मागचा सज्जा कार्यक्रमानंतर पाहुण्यांना जेवायला बसायला चालणार नाही, असं ती अहवालात लिहिणार होती. पत्रिका गेल्या होत्या. ऑफिसात बोललो असतो तर चारचौघांत झालं असतं. म्हणून वरून फोन केला, ये, मला दाखव काय ते. आली. वाद घातला मी. ती म्हणाली, साहेब, तुम्ही स्वतःच बघा, आणि कठड्यावर दोन्ही हात ठेवले. म्हणाली, हे बघा, हलतोय.’’

खोलीत संगणकाच्या पंख्याचा आवाज येत होता.

‘‘मग?’’ धाकटीनं विचारलं.

‘‘तो खरंच हलत होता.’’

‘‘मग?’’

‘‘मी खाली बघितलं.’’ त्यांनी तोंडावरून हात फिरवला. ‘‘तीही हलत होती.’’

चाळणीबाईंनी हे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. साहेब मागच्या दारानं निघाले, गाडीत बसले आणि हायवेला लागले, हे पुढच्या दहा मिनिटांत त्यांनीच सांगितलं. वाटेत त्यांनी कुणालाही फोन केला नव्हता. पोलीस आले तेव्हा ते विचारत होते की कार्यक्रमाचं आता काय होणार.

कार्यक्रम रद्द झाला. कबुलीजबाबाचा कागद चाळणीबाईंनी पुरावा म्हणून वहीत ठेवला. जुनी चौकशी पुन्हा उघडावी, इमारतीत दुसरी व्यक्ती होती आणि ‘निष्काळजीपणा’ हा शब्द मयत व्यक्तीबद्दल मागे घ्यावा, असा अर्ज त्यांनी तिथेच लिहिला आणि धाकटीला वाचून दाखवला.

‘‘एक विचारू?’’ धाकटी म्हणाली. ‘‘डॉक्टरांच्या अहवालात वेळ असेल. ती कधी...’’

चाळणीबाई खोटं बोलू शकल्या असत्या. ‘‘साधारण पावणेपाच.’’

धाकटीनं बोटांवर हिशेब केला नाही, पण ओठ हलले, ‘तासभर.’

थोड्या वेळानं कात्री जवळ आला. ‘‘मास्कमधून ते काढून टाकू? पोलिसांनी प्रत घेतलीये.’’

‘‘काढ,’’ ती म्हणाली. ‘‘मी त्या माणसासाठी दहा सेकंद थांबले रे. सोमवारपासून घरी गेले की आईला सांगायचे, ताई दिसली. आता काय सांगू?’’

कात्री नुसताच स्कॅन फिरवत राहिला. मॉनिटरवर चौक आला, वरून बघितल्यासारखा. फरशी, खांब, फाटक, सगळं राखाडी ठिपक्यांत. मधोमध एक गोल काळी जागा होती, तिच्यात एकही ठिपका नव्हता.

‘‘हे काय?’’

‘‘यंत्राच्या पायाखालचं त्याला दिसत नाही. चालवणारा तिथेच बसतो, म्हणजे चित्रात येत नाही. ती इथे होती. तेव्हा. फोन आला तेव्हा.’’

धाकटीनं त्या वर्तुळावर बोट ठेवलं. मग तिनं विचारलं, ‘‘फाटकापासून किती?’’

‘‘अठरा मीटर चाळीस.’’

ती खाली गेली. उजेड अजून होता. चौकात प्रोजेक्टरचे तंबू उतरवणं चाललं होतं, पेट्या ओढल्याचे आवाज येत होते. फाटकाला पाठ लावून तिनं पावलं मोजली आणि अठरा मीटरच्या पुढे जराशी थांबली. तिथे काहीच नव्हतं. तेलाचा एक डाग आणि गाड्या लावायची पुसट पांढरी रेघ. ती उकिडवी बसली आणि मान वर करून तिसऱ्या मजल्याकडे बघितलं. इथून चौथी खिडकी अगदी स्वच्छ दिसत होती. खिडकीतून कुणी बोलावलं तर उठून जावंसं वाटेल इतकी जवळ.

सामान न्यायला आलेला एक टेम्पो मागे घेत होता. चालकानं आरशात बघितलं, करकचून ब्रेक दाबला आणि खिडकीतून डोकं काढून ओरडला, ‘‘ओ ताई! मधेच काय बसलाय? सरका की!’’

इथे ती सगळ्यांची धाकटी होती, या चौकात कुणी तिला त्या शब्दानं हाक मारली नव्हती. ती उठली, बाजूला झाली आणि टेम्पोला जागा दिली.